आयुष्मानच्या खिडकीवर काम करते, पोलीस थान्याची नोटीस आली आहे. बयान द्यायला जाऊ का?

रामबागची_लेक

नमस्कार. मी इंदूरची, वय ३१. रामबागेत आई आणि धाकट्या भावाबरोबर राहते. साडेतीन वर्षांपासून एका खासगी हॉस्पिटलात आयुष्मान मित्र आहे, म्हणजे आयुष्मान भारत योजनेच्या पेशंटांची नोंद करणारी. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कृपा करून विचारू नका.

माझं काम असं. सकाळी साडेआठला खिडकी उघडायची. झाबुआ, अलीराजपूर, धार, खरगोन, कुठूनकुठून रात्रभर बसमध्ये बसून माणसं आलेली असतात. कार्ड आहे का बघायचं. नसेल आणि यादीत नाव असेल तर आधारवर अंगठा घेऊन कार्ड बनवायचं. भरतीचा फोटो काढायचा. पुढे कुठलं पॅकेज टाकायचं ते मेडको (हॉस्पिटलचे योजनेचं काम बघणारे) डॉक्टर ठरवतात, त्यांचं लॉगिन वेगळं. प्रीऑथ (उपचाराआधीची मंजुरी) मंजूर झाला की फाइल वर जाते. पेशंटला घरी सोडताना पुन्हा फोटो, पुन्हा अंगठा. पगार १४ हजार. क्लेम पास झाला म्हणून मला कधी एक रुपया वेगळा मिळाला नाही.

गेल्या महिन्यात भोपाळहून तपासणीची टीम आली. रेकॉर्डवर जितके पेशंट भरती होते तितके वॉर्डात नव्हते. मग एफआयआर झाली. त्यात संचालक, मेडको आणि «व अन्य» असं लिहिलं आहे. धारा ३१८(४), ३३६(३), ३३८, ३४०(२), ६१(२). माझं नाव नाही. पण परवा एका हवालदारांनी व्हॉट्सॲपवर नोटिशीचा फोटो पाठवला, धारा १७९ ची. सोमवारी ११ वाजता थान्यात हजर व्हा, मोबाइल आणि आधार घेऊन. मी फोन केला तर म्हणाले, «मॅडम, अभी गवाह हो, आगे देखेंगे.» तेव्हापासून झोप नाही.

दोन गोष्टी मला टोचत आहेत, त्या खऱ्याखऱ्या सांगते.

पहिली. बऱ्याच कार्डांवर मोबाइल नंबर माझा आहे. आदिवासी पट्ट्यातल्या बायकांकडे फोन नसतो, असला तर नवऱ्याकडे, आणि नवरा गुजरातेत मजुरीला. रकाना रिकामा ठेवून पुढे जाता येत नव्हतं, म्हणून मी माझा नंबर टाकायची. मनात तेव्हा एवढंच होतं की म्हातारी बाई स्ट्रेचरवर आहे, तिचं काम अडू नये.

दुसरी. माझा आयडी आणि पासवर्ड कॉम्प्युटरच्या कडेला चिटकवलेला असायचा. रात्रपाळीला आयुष्मान मित्र नाही, म्हणून मॅनेजर म्हणाले होते की रात्रीची भरती तुझ्या आयडीवरून होईल. मी एकदा नको म्हटलं, तर म्हणाले, मग रात्री तू येऊन बस. (इथे दोन वाक्यं होती. खाली सुदामानगरच्या काकांनी सांगितल्यावर काढली.)

आता हॉस्पिटलचं म्हणणं असं की त्यांचे वकील माझंही बघतील, पैसे लागणार नाहीत. फक्त एका कागदावर सही कर. कागदावर लिहिलं आहे की माझ्या निष्काळजीपणाने काही नोंदी चुकीच्या झाल्या, व्यवस्थापनाला त्याची कल्पना नव्हती. एचआरच्या मॅडमचा रोज फोन येतो.

आई म्हणते, तू काही केलं नाहीस तर भितेस कशाला, जा आणि सांगून ये. बाबा असते तर त्यांनी कुणाला तरी विचारलं असतं. आता मलाच विचारावं लागतंय. सोमवारी जाऊ का? सही करू का? अग्रिम जमानत (अटकपूर्व जामीन) आधीच घ्यावी का?

सुदामानगर_काका

बेटा, सगळ्यात आधी ती दोन वाक्यं काढ, ज्यात कुठल्या रात्री कोण बसलं होतं ते लिहिलं आहेस. इथलं लिखाण कोणीही वाचतं, हॉस्पिटलवालेही वाचतील. सही अजिबात करू नकोस. बाकी कायद्याचं जाणकार सांगतील. जेवलीस का? पोटात अन्न असेल तर डोकं चालतं.

एमजीरोड_वकील

ताई, मी इंदूर खंडपीठात आणि जिल्हा न्यायालयात फौजदारी काम करतो, २२ वर्षं झाली. कागद न बघता सल्ला देणं बरोबर नाही, तरी सोमवार जवळ आला आहे म्हणून लिहितो.

तुमच्या प्रश्नांतला सर्वांत मोठा धोका थान्यात नाही, एचआरच्या त्या कागदात आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही, आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे, आधी पुरावा कायद्याचं २५ होतं. पण मालकाला लिहून दिलेला कागद म्हणजे पोलिसांसमोरचा कबुलीजबाब नव्हे. तो पुराव्यात येऊ शकतो. आणि त्यातलं शेवटचं वाक्य, «व्यवस्थापनाला कल्पना नव्हती», हे तुमच्यासाठी लिहिलेलंच नाही. ते संचालकांचा बचाव आहे, तुमच्या हस्ताक्षरात हवा आहे एवढंच. सही करू नका. फोन आला तर म्हणा, «माझ्या वकिलांशी बोलून लेखी कळवते.» आणि तो मसुदा त्यांनी कसा पाठवला, कधी पाठवला, ते जपून ठेवा. पुढे कामाला येईल.

त्याच कारणाने हॉस्पिटलचा वकील तुमचा वकील होऊ शकत नाही. तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण संचालक म्हणणार की खिडकीवरच्या मुलीने केलं आणि तुम्ही म्हणणार की मॅनेजरने सांगितलं. एकाच तोंडाने दोन्ही बोलता येत नाही. ज्या दिवशी निवड करायची वेळ येईल त्या दिवशी फी देणाऱ्याची बाजू राहील. वेगळा वकील करा, मग तो साधा का असेना. पैशांची अडचण असेल तर लाजू नका. विधिक सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्यात उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं, फोनसाठी १५१००.

आता नोटीस. १७९ ही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली साक्षीदाराला बोलावण्याची नोटीस आहे, जुन्या सीआरपीसीत ती १६० होती. तिच्या परंतुकात स्पष्ट लिहिलं आहे की स्त्रीला तिच्या राहत्या जागेशिवाय दुसरीकडे हजर राहायला भाग पाडता येत नाही. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर नंदिनी सत्पथी यांचं प्रकरण आलं. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री, त्यांना कटकला चौकशीसाठी थान्यात बोलावलं होतं. न्यायालयाने तेव्हाच सांगितलं की स्त्रीला असं थान्यात बोलावणं या कलमाच्या विरुद्ध आहे. त्याच निकालात गप्प राहण्याच्या हक्काबद्दलही आहे: ज्या उत्तराने आपणच गुन्ह्यात अडकू शकतो ते उत्तर देण्याची सक्ती नाही. संविधानाचं अनुच्छेद २०(३). म्हणजे सोमवारी न जाणं हा पळपुटेपणा ठरत नाही, अट एकच, लेखी कळवा. टीआय (थाना प्रभारी) साहेबांच्या नावे एक पानाचं आवेदन: मी तपासात सहकार्य करायला तयार आहे, १७९ च्या परंतुकाप्रमाणे माझं बयान माझ्या घरी घ्यावं, अमुक दिवशी मी घरी आहे. थान्यात देऊन पावती घ्या, शिवाय स्पीड पोस्टने पाठवा. व्हॉट्सॲपच्या फोटोबद्दल: जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात सांगितलं आहे की अशा नोटिसा कायद्यात दिलेल्या पद्धतीनेच बजावाव्यात, व्हॉट्सॲपने नाही. पण यावर भांडत बसू नका. नोटीस कळली आहे, उत्तर द्या.

बयानावर सही मागितली तर नम्रपणे सांगा की त्याच संहितेच्या कलम १८१ प्रमाणे पोलिसांनी लिहून घेतलेल्या बयानावर सही लागत नाही. बयान देताना जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. «बहुतेक», «असेल», «मला वाटतं», हे शब्द घरी ठेवून या. लोक अंदाजाने बोलतात आणि अंदाज कागदावर माहिती होऊन बसतो.

धारांकडे येतो, कारण अटकेचा प्रश्न तिथे आहे. या भारतीय न्याय संहितेच्या आहेत. ३१८(४) म्हणजे फसवणूक, जुनी आयपीसी ४२०, जास्तीत जास्त ७ वर्षं. ३३६(३), म्हणजे फसवणुकीसाठी खोटा दस्तऐवज, सुद्धा ७ वर्षांपर्यंत. ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत अर्नेश कुमार निकालाचं (२०१४) संरक्षण आहे: सरसकट अटक नाही, आधी नोटीस, आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची. पण ३३८ (मौल्यवान दस्तऐवज खोटा बनवणं) मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे हे संरक्षण आपोआप मिळत नाही. योजनेच्या प्रकरणांत हे कलम लावलेलं दिसलं की मी आधी विचारतो, खोटा दस्तऐवज बनवला कोणी? मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार (२००९) मध्ये न्यायालयाने फरक सांगितला आहे. कागदात खोटी माहिती लिहिणं वेगळं आणि दुसऱ्याच्या नावाने कागद बनवणं वेगळं. हॉस्पिटलने स्वतःच्या नावाने खोटा क्लेम पाठवला तर ती फसवणूक होऊ शकते, कूटरचना (खोटा दस्तऐवज बनवणं) आपोआप होत नाही. पेशंटचा खोटा अंगठा किंवा डॉक्टरची खोटी सही असेल तर मात्र होते. शीला सेबॅस्टियन (२०१८) मध्ये आणखी एक पाऊल: कूटरचनेत दोषी तोच ठरतो ज्याने तो दस्तऐवज प्रत्यक्ष बनवला. तुमचा आयडी वापरून दुसऱ्याने रात्री नोंद केली असेल, तर ती नोंद तुम्ही केली असं भासवलं गेलं. या नजरेने पाहिलं तर तुमचंच नाव वापरलं गेलं आहे. हे तुमच्या वकिलाने कागद बघून पारखावं, पण यावर काम करण्यासारखं आहे.

पासवर्ड उघडा ठेवणं चूक आहे, ती लपवू नका. पण निष्काळजीपणा म्हणजे बेइमानी नव्हे. फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासून फसवण्याचा इरादा सिद्ध करावा लागतो, आणि इरादा बहुतेक वेळा पैशाच्या वाटेने शोधला जातो. तुमच्या खात्यात १४ हजारांपलीकडे काही आलेलं नाही, हा तुमचा सर्वांत मजबूत कागद आहे. साडेतीन वर्षांचं बँक स्टेटमेंट आजच काढा.

तारखाही बघा. १ जुलै २०२४ च्या आधीचे क्लेम असतील तर त्यांना जुनी आयपीसी लागते, नंतरच्यांना न्याय संहिता. एकाच एफआयआरमध्ये दोन्ही काळ मिसळलेले असतील तर ते पुढे महत्त्वाचं ठरतं.

अग्रिम जमानत: नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८२, आधी सेशन्स, मग हायकोर्ट. नाव एफआयआरमध्ये नसलं तरी अर्ज करता येतो, सिब्बिया निकाल १९८० चा आहे. पण घाई नको. अर्जात आपण जे लिहू त्याला पुढे बांधील राहतो. ३३८ लागलेली आहे आणि «व अन्य» आहे, म्हणून मसुदा तयार ठेवावा. दाखल कधी करायचा ते तुमच्या वकिलाने एफआयआरची प्रत आणि थान्याचा रोख बघून ठरवावं.

शेवटचं, फार महत्त्वाचं. मोबाइलमधलं काहीही डिलीट करू नका. एक मेसेजसुद्धा नाही. पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा वेगळा लागतो आणि तो सिद्ध करणं सोपं असतं.

क्लेम_टेबल_पुणे

मी पूर्वी एका टीपीएमध्ये (विम्याचे क्लेम तपासणारी कंपनी) आयुष्मानचे क्लेम तपासायचो, पुण्यात. वकीलसाहेबांनी कायद्याचं सांगितलं, मी मशीनचं सांगतो.

प्रत्येक लॉगिनची वेळ सिस्टिममध्ये राहते. कुठल्या आयडीने, किती वाजता, कुठली स्क्रीन, काय बदललं. तुमची हजेरी अंगठ्याने लागत असेल तर दोन याद्या शेजारी ठेवायच्या: तुम्ही संध्याकाळी साडेपाचला बाहेर पडलात आणि तुमच्या आयडीने रात्री पावणेदोनला भरती झाली. अशा दहा नोंदी सापडल्या तरी चित्र बदलतं. पण हजेरीचा डेटा हॉस्पिटलच्या ताब्यात आहे. तुमच्याकडे ड्यूटी रोस्टरचे फोटो, सुट्टीचे अर्ज, घरी जातानाचे रिक्षाचे किंवा सिटी बसचे ऑनलाइन पैसे, रात्री आईला केलेले कॉल, काहीही असेल ते जमवा. भावाच्या लग्नाला गेलात आणि त्या तारखेला तुमचा आयडी चालला, असं काही निघालं तर सोनंच.

भरतीच्या फोटोत वेळ आणि जागा येते. खिडकीवरचा फोटो आणि वॉर्डातला फोटो वेगळे असतात. फोटो कोणी काढला हा प्रश्न तुमच्या वकिलाने विचारायलाच हवा.

मोबाइल नंबरबद्दल. हा प्रकार फक्त तुमच्याकडे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅगचा अहवाल संसदेत आला, त्यात ९९९९९९९९९९ या एकाच नंबरावर ७,४९,८२० लाभार्थी नोंदलेले निघाले. त्यावर सरकारचं उत्तर होतं की लाभार्थ्याची ओळख आधारवरून पटवली जाते, मोबाइल नंबरवरून नाही. हे उत्तर तुमच्या फाइलमध्ये असायला हवं. मात्र इथे एक फरक आहे. तिकडे नंबर उगाच टाकलेला होता, इकडे नंबर खरा आणि तुमचा आहे. त्या पेशंटांचे मेसेज तुमच्या फोनवर आले असतील. «मला काही माहीत नव्हतं» असं सरसकट बोलू नका. कुठले मेसेज आले ते आधी स्वतः बघा.

मांडवी_बडोदा

ताई, तुझी पोस्ट वाचून हात थरथरले. माझा भाऊ बडोद्यात एका नर्सिंग होममध्ये बिलिंगला होता. गुजरातच्या योजनेतलं प्रकरण. त्याच्यासमोरही असाच कागद ठेवला होता आणि त्याने सही केली. मालक देवमाणूस आहे, आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही, असं त्याला वाटलं. तिसऱ्या दिवशी तो कागद पोलिसांकडे होता. पुढे जामीन मिळाला, पण ४१ दिवस आत काढून. वहिनी तेव्हा सातव्या महिन्यात होती.

आमच्या वकिलीणबाईंनी नंतर जे केलं ते सांगते. त्यांनी भावाकडून एक वही लिहून घेतली. रोजचं काम, कोण काय सांगायचं, कुठलं रजिस्टर कुठल्या कपाटात असायचं, सगळं. वरती लिहिलं होतं «माझ्या वकिलांसाठी». महिन्याभराने माणूस विसरतो, आणि विसरलं की बयानात आणि अर्जात फरक पडतो. तू आजपासून लिही. आणि दुसऱ्या स्टाफशी फोनवर या विषयावर बोलू नकोस. भावाच्या एका मैत्रिणीने काळजीने फोन केला होता, तिला जे बोलला तेच तिच्या बयानात आलं. तिचीही चूक नव्हती, बिचारीला विचारलं, तिने सांगितलं.

आईला म्हणावं, घाबरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नसतं.

रामबागची_लेक

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. वकीलकाका, शनिवारी विधिक सेवेच्या ऑफिसात गेले होते, तिथून एक मॅडम मिळाल्या. त्यांनीही एचआरचा कागद बघून पहिलं तेच म्हटलं जे तुम्ही म्हटलंत. आवेदन दिलं, पावती मिळाली. हवालदार जरा चिडले, पण टीआय साहेबांनी वाचून ठीक आहे म्हटलं.

एक विचारायचं राहिलं. मोबाइल मागितला तर द्यायचा का? त्यात आईच्या दवाखान्याचे, भावाच्या परीक्षेचे, सगळ्यांचे फोटो आहेत.

एमजीरोड_वकील

मॅडम मिळाल्या हे फार चांगलं झालं. आता त्यांचंच ऐका, माझं नाही. मोबाइलबद्दल एवढंच: सहज हातात देऊ नका. जप्त करायचा असेल तर जप्ती पंचनामा, दोन साक्षीदार, आयएमईआय नंबर लिहिलेला, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण. प्रत मागून घ्या. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू (डेटाचा डिजिटल ठसा) येते. ती व्हॅल्यू पहिल्याच दिवशी नोंदली गेली तर नंतर फोनमध्ये कोणी काही घातलं किंवा काढलं का ते कळतं. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरलाही हाच नियम आहे, आणि तुमच्या प्रकरणात त्या कॉम्प्युटरचं महत्त्व जास्त आहे. मॅडमना सांगा, लॉगिनच्या नोंदी आणि हजेरीचं मशीन जपून ठेवावं असा अर्ज लवकर द्यावा.

रामबागची_लेक

काल बयान झालं, घरी, दुपारी. एक महिला एसआय आणि एक हवालदार आले होते. मॅडम शेजारी बसल्या होत्या. मोबाइल नंबरचं मी जसं होतं तसं सांगितलं, म्हातारीचं सुद्धा. एसआय मॅडमनी लिहिता लिहिता पेन थांबवून विचारलं, अलीराजपूरच्या कुठल्या गावची? मला आठवत होतं.

रोस्टरचे फोटो सापडले, २६. भावाने रात्री बसून तारखेप्रमाणे लावून दिले. पुण्याच्या दादांनी सांगितलं होतं तसं शोधलं, तर मागच्या गणपतीत मी तीन दिवस सुट्टीवर उज्जैनला मावशीकडे होते आणि त्या तीन दिवसांचे उज्जैनचे पेमेंट फोनमध्ये आहेत. त्या दिवशी माझा आयडी चालला का हे आता लॉगमधून कळेल. मॅडमचा अर्ज सोमवारी लागतोय.

सही केलेली नाही. एचआरचा फोन चार दिवसांपासून बंद आहे आणि या महिन्याचा पगार आलेला नाही. त्याबद्दल वेगळा प्रश्न टाकते.